‘थोडं थांबावं लागेल हां’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. आमच्याकडच्या मोपाच्या नव्या विमानतळावर 2023 च्या जानेवारीत विमानं उतरायला लागली, त्याच वर्षी मला समुद्राकडच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर नोकरी लागली. हॉटेलचं नाव लिहीत नाही, त्याची गरज पण नाही. हे सगळं लिहितेय ते इंग्रजीच्या एका छोट्या भागाबद्दल, कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट, हे नऊ शब्द. शाळेत यांना मोडल व्हर्ब म्हणून शिकवलं होतं. मी ते एकदा शाळेत शिकले आणि मग नोकरीत परत पहिल्यापासून शिकले, आणि दुसऱ्यांदा जे शिकले ते पहिल्यांदाच कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं असं मला अजून वाटतं, म्हणून लिहिते.

गोव्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणांची शाळा अशीच झालीय, चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी आणि पाचवीत गेलं की एकदम सगळे विषय इंग्रजीत. सहावीत की सातवीत फळ्यावर एक तक्ता लिहून दिला होता. कॅन म्हणजे शकणे, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच, मे म्हणजे कदाचित. तक्ता पाठ झाला, गाळलेल्या जागा भरता आल्या, मार्क पण चांगले पडले. तो तक्ता डोक्यात घेऊन मी काउंटरच्या मागे उभी राहिले.

पहिल्याच सीझनला ब्रिटिश आजी-आजोबा आले. रात्रभराचं विमान, सकाळचे साडेदहा वाजलेले, आणि आमची रूम दोन वाजता मिळते. मी उठून त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, किचनमधून लिंबू सोडा मागवला. आणि तोंडाने म्हटलं, ‘यू मस्ट वेट. रूम इज नॉट रेडी. यू कॅन सिट देअर.’ आजीचा चेहरा बदललेला मला दिसला पण कशामुळे ते कळलं नाही. चार दिवसांनी जाताना त्यांनी फीडबॅक फॉर्मवर लिहिलं की रिसेप्शनवरच्या मुलीने आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं बसवलं. मॅनेजरने बोलावून दाखवलं. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं, कारण मी मनापासून केलं होतं सगळं, आणि व्याकरणाची एकही चूक नव्हती. मस्टच्या पुढे मूळ क्रियापद, मध्ये टू नाही, सगळं बरोबर.

आमच्या वाड्यावर एक टीचर राहतात, हायस्कूलमधून रिटायर झालेल्या. त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘बाय, हेच तुझी मावशी अवेळी आली असती आणि जेवण झालेलं नसतं तर तू तिला काय म्हटलं असतंस?’ मी म्हटलं, ‘मावशी, थोडं थांबावं लागेल हां.’ ‘मग? थांबलंच पाहिजे असं का नाही म्हटलंस?’

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ‘थांबावं लागेल’ मध्ये कोणी हुकूम सोडत नाही, भात शिजायचाय, रूम साफ व्हायचीय, परिस्थिती तशी आहे, तुम्हीही अडकलात आणि मीही. ‘थांबलंच पाहिजे’ म्हटलं की बोलणारा स्वतः हुकूम सोडतो. इंग्रजीत पण अगदी तसंच आहे. समोरच्याला उद्देशून मस्ट म्हटलं की बहुतेक वेळा जोर बोलणाऱ्याचा असतो आणि हॅव टू म्हटलं की जोर बाहेरचा असतो. म्हणजे माझं मराठी वाक्य ‘आय ॲम अफ्रेड यू विल हॅव टू वेट अ लिटल’ असं व्हायला हवं होतं. त्यातलं ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणजे आपलं ते शेवटचं ‘हां’. टीचर म्हणाल्या की तक्त्यात शब्दाला शब्द लावलाय म्हणून फसलीस, अख्ख्या बोलण्याला अख्खं बोलणं लाव.

मला वाटलं आता मस्ट म्हणजे उद्धट, तो वापरायचाच नाही. पंधरा दिवस मी एकदाही वापरला नाही. मग टीचरकडे त्यांची कोणीतरी बाहेरगावची ओळखीची आली होती, तिला त्या सोलकढी वाढताना म्हणाल्या, ‘यू मस्ट ट्राय धिस.’ मी बघतच राहिले. ती बाई खूश! नंतर विचारलं तर म्हणाल्या, अगो, वेट बरोबर मस्ट म्हणजे हुकूम, पण ट्राय, सी, कम यांच्याबरोबर मस्ट म्हणजे आग्रह. ‘यू मस्ट कम फॉर चवथ’ म्हणजे चवथीला यायचंच हं, यात कोणाला राग येईल? ज्या कामात समोरच्याचं सुख आहे तिथे आपण जोर केला तर तो प्रेमाचा वाटतो, ज्या कामात त्याला त्रास आहे तिथे तोच जोर दटावणीचा. आणि ‘आय मस्ट से’, ‘आय मस्ट ॲडमिट’ म्हणजे तिसरंच काहीतरी, ‘खरं सांगायचं तर’, ‘मान्य करायला हवं’.

म्हणजे नऊ शब्दांचे नऊ अर्थ पाठ करून काहीच होत नाही, शेजारी कुठलं क्रियापद येऊन बसलंय त्यावर सगळं. हे कळलं त्या दिवसापासून मी वही केली, पण मोडल व्हर्बची नाही, रोजच्या क्रियापदांची. एका क्रियापदाला एक पान. काउंटरवर गेस्ट जे बोलतील, फोनवर, मेलवर जे येईल, ते त्या त्या पानावर टिपायचं आणि समोर मराठीत, आपण घरात म्हणतो तसं.

पहिलं पान अर्थात वेट. ते जसंच्या तसं सांगते. ‘इट कॅन वेट’ म्हणजे घाई नाही, मागाहून केलं तरी चालेल. हे एका गेस्टने बल्ब बदलायला सांगून पुढे म्हटलं होतं, मला वाटलं बल्ब थांबू शकतो म्हणजे काय. ‘वी कान्ट वेट टू सी गोवा’, हे बुकिंगच्या मेलमध्ये होतं, आणि तक्त्याप्रमाणे कान्ट म्हणजे शकत नाही, म्हणून मी त्यांना आधीच्या तारखेची रूम काढून मेल पाठवली. ते बिचारे गोंधळले, त्यांना फक्त म्हणायचं होतं, कधी एकदा गोवा बघतोय असं झालंय. ‘यू शुडन्ट हॅव वेटेड’, हे एका बाईने रात्री बारा वाजता मी तिच्यासाठी थांबले होते तेव्हा म्हटलं, मी घाबरले की काही चुकलं, पण ती आभार मानत होती. अगं थांबायचं कशाला, झोपायचं ना. आपली आई नाही का म्हणत, माझ्यासाठी उपाशी कशाला राहिलीस. एका वेटच्या पानावर घाई नसणं आलं, अधीर होणं आलं, आभार आले आणि दटावणी पण आली.

सी, हिअर आणि स्मेलचं पान मात्र मला सगळ्यात आवडतं. ‘आय कॅन हिअर म्युझिक’, ‘आय कॅन सी द सी फ्रॉम हिअर’, ‘आय कॅन स्मेल गॅस’. मी आधी म्हणायचे ‘आय ॲम हिअरिंग, टेल’, फोनवर तर दिवसातून दहा वेळा. मराठीत आपण ‘मी गाणं ऐकू शकते’ म्हणत नाही, ‘मला गाणं ऐकू येतंय’ म्हणतो. दिसतं, ऐकू येतं, वास येतो, आठवतं, कळतं, या सगळ्यात ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. आपण काही करत नाही, ते आपल्यापर्यंत येतं. इंग्रजीत मला म्हणून वाक्य सुरू करायची सोय नाही, मग अशा ठिकाणी ते सहसा कॅन जोडतात. म्हणजे ‘येतंय’ ला कॅन. एकदा हे बसलं की ‘आय कॅन रिमेंबर’, ‘आय कॅन फील’ आपोआप येतं, आठवावं लागत नाही. गॅसच्या वासाचं तर खरंच झालं होतं, कॉटेजमधून फोन आला ‘आय कॅन स्मेल गॅस’, आणि माझ्याबरोबरचा मुलगा म्हणे हो का, त्याला वास घेता येतो, बरं. मी वेळेवर किचनमध्ये फोन केला म्हणून बरं, मागच्या सिलिंडरचा रेग्युलेटर नीट बसला नव्हता.

टीचरनी इथेच एक गोष्ट सांगितली. कॅन या शब्दाचा फार जुना अर्थ शकणे नव्हता, जाणणे होता. आपण पण ‘मला पोहता येतं’ म्हणतो तेव्हा शक्तीबद्दल बोलत नाही, पोहण्याची विद्या येते असं म्हणतो, तसंच. विल म्हणजे मुळात इच्छा, शॅल म्हणजे देणं लागणं. लागणं! आपलं ‘जावं लागतं’ मधलं लागणं आणि शॅलच्या पोटातलं देणं लागणं, दोन भाषा इतक्या लांबच्या पण माणसाचं मन एकाच वाटेने जातं. ‘ही कॅन्स’ असा एस का लावत नाहीत हे पण तेव्हा कळलं, हे शब्द फार पूर्वी भूतकाळाची रूपं होती, ती वर्तमानकाळात वापरायला लागले, आणि भूतकाळी रूपाला एस कुठून येणार. विलचा इतिहास थोडा वेगळा, पण तो पण या कळपात सामील झाला. आणि कुडच्या स्पेलिंगमधला एल तर मुळात नव्हताच, शुड आणि वुडमध्ये आहे म्हणून बघून बघून घातला. शाळेत त्या एल साठी मी मार खाल्लाय. शाळेत ही गोष्ट पाच मिनिटांत सांगता आली असती, मुलांनी जन्मभर लक्षात ठेवली असती.

पावसाळ्यात आमच्याकडे गेस्ट कमी असतात, जून ते सप्टेंबर निम्म्याच्या वर रूम बंद. त्या चार महिन्यांत माझी वही खरी भरली. पणजीला काम असलं की पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायचे, 1832 सालची संस्था, आता नवीन इमारतीत आहे, तिथे शांतपणे व्याकरणाची पुस्तकं चाळायला मिळतात. पण खरं सांगते, पुस्तकातून कळलं ते कमी, काउंटरवर अंगावर आलं ते जास्त.

उदाहरणार्थ माइंड. एक मुलगी, चेकआउट करून संध्याकाळच्या फ्लाइटपर्यंत फिरायला निघालेली, मला म्हणाली, ‘वुड यू माइंड इफ आय लेफ्ट माय बॅग हिअर?’ मी अगदी हसून म्हटलं ‘येस येस!’ तिने बॅग काउंटरजवळ टेकवली होती ती झटकन परत उचलली, सॉरी म्हणाली आणि बाहेर पडली. मी धावत गेले तिच्यामागे. ‘माइंड’ म्हणजे हरकत असणं, तिने विचारलं तुमची हरकत आहे का आणि मी म्हटलं हो हो. मराठीत आपण ‘बॅग इथे ठेवली तर चालेल ना?’ असं विचारतो, उत्तर ‘हो’. इंग्रजी उलट्या बाजूने विचारतं, म्हणून तिथे ‘नॉट ॲट ऑल’. माइंडच्या पानावर मी लाल पेनाने मोठ्ठं लिहिलंय, हरकत.

मग ओपन. कॉटेजमधून फोन, ‘द सेफ वोन्ट ओपन.’ विल म्हणजे भविष्यकाळ, वोन्ट म्हणजे करणार नाही, मी म्हटलं ठीक आहे, उघडू नका. पलीकडे शांतता. त्या माणसाचा पासपोर्ट आत अडकला होता. कोणी विदेशी राहायला आला की हॉटेलला त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते, त्याला पासपोर्ट लागतो, म्हणजे माझंही काम अडकलेलं. इथे वोन्ट भविष्यकाळाचा नाहीच. तिजोरी ऐकत नाही, उघडायला तयार नाही. विलमध्ये ती जुनी इच्छा अजून शिल्लक आहे, आणि निर्जीव वस्तूला पण ती लागते. ‘द कार वोन्ट स्टार्ट’, ‘द टॅप वोन्ट क्लोज’. आपण पण गाडीबद्दल म्हणतो ना, काही केल्या सुरू व्हायला मागत नाही. ‘मागत नाही’ हा शब्द आठवला आणि माझं वोन्ट कायमचं सुटलं.

आणि डू, हे पान सगळ्यात लहान पण कामाचं. ‘दॅट विल डू’ म्हणजे चालेल, पुरे. ‘आय कुड डू विथ अ कप ऑफ टी’ म्हणजे चहा मिळाला तर बरं होईल. याच्यात कुड म्हणजे शकत होतो असं धरलंत तर चहा काही पोचायचा नाही. हेल्पचं पान पण तसंच, ‘हाउ मे आय हेल्प यू’ म्हणजे आपल्या म्हापशाच्या बाजारात दुकानदार विचारतो ते ‘कितें जाय?’, आणि ‘इट कान्ट बी हेल्प्ड’ म्हणजे इलाज नाही. त्या ‘जाय’ ची पण गंमत आहे, कोंकणीत हवं असणं आणि गरज असणं, दोन्ही एका जायमध्ये निभतं, आम्ही पेडण्याची माणसं दिवसभर दोन्ही भाषांत ये-जा करतो तरी तिकडे कधी लक्ष जात नाही.

एक गोष्ट कानाची. वाचताना कॅन आणि कान्ट यांचा घोळ होत नाही, फोनवर होतो, त्यात पावसात आमचं नेटवर्क म्हणजे विचारू नका. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’ म्हणतो आणि शेवटचा ट गिळतो, मला ऐकू यायचं कॅन. तो म्हणतोय येऊ शकत नाही आणि मी रूम धरून ठेवलीय. टीचरनी सांगितलं, ट शोधत बसू नको, जोर कुठे पडतो ते ऐक. होकारी वाक्यात कॅन जवळजवळ गायब होतो, ‘आय कन कम’, नुसतं कन, आणि जोर कमवर पडतो. नकारी असलं की कॅन्ट स्वच्छ आणि ठणकावून येतो. आपण बोलताना पण तसंच बोलावं, आम्ही ‘आय कॅन कम’ असं कॅनवर जोर देऊन म्हणतो तेव्हा समोरच्याला वाटतं आपण नाही म्हणतोय. माझ्याकडून एका बुकिंगचा असा घोळ झाला होता, तेव्हापासून मी फोनवर शेवटी एकदा ‘सो दॅट्स अ यस?’ विचारूनच फोन ठेवते. शुड हॅव, कुड हॅव हे पण कानाला ‘शुडव’, ‘कुडव’ असंच येतं. सांगायला हवं होतं, ‘शुडव टोल्ड’. गेला असेल, ‘मस्टव गॉन’. बघा, इथे मस्ट म्हणजे अंदाज, हुकूम वगैरे काही नाही, आणि आपल्याकडे त्याच्यासाठी साधं ‘असेल’ आहे.

वुडबद्दल माझा थोडा राग आहे, तो आपल्या सगळ्यांवरच आहे. आपल्याकडे ऑफिसच्या इंग्रजीत विलच्या जागी वुड घातला की भारी वाटतं असा समज आहे. आमच्या रूममधल्या कार्डावर होतं, ‘ब्रेकफास्ट वुड बी सर्व्हड फ्रॉम एट.’ टीचरनी ते वाचून विचारलं, ‘इफ व्हॉट?’ वुड म्हटलं की ऐकणारा पुढच्या जरची वाट बघतो. नाश्ता मिळाला असता, जर काय? ‘आय वुड बी कमिंग टुमारो’ म्हटलं की तो म्हणतो, पण काय अडचण आहे? नम्रपणा वुडमध्ये नाही, वुड लाइक, वुड माइंड, वुड रादर अशा जोड्यांमध्ये आहे. ते कार्ड मी बदलून घेतलं, मॅनेजर आधी तयार नव्हता, दोन महिने मागे लागले.

आता तिसरा सीझन चालू आहे. वहीत एकतीस पानं भरलीत. आमच्याकडे हाउसकीपिंगला एक ओडिशाचा मुलगा आहे, इंग्रजी त्याचं माझ्यापेक्षा बरं, पण त्याला इथल्या माणसांशी बोलायला मराठी शिकायचीय. मागच्या आठवड्यात त्याने माझी वही बघितली, वेटचं पान उघडलं आणि मराठीच्या बाजूला बोट ठेवून विचारलं, ‘दीदी, थांबावं लागेल, थांबायला हवं, थांबलं पाहिजे, थांबायचंय, ये सब में फरक क्या है?’

मी तोंड उघडलं आणि थांबले. जन्मापासून बोलतेय, कधी चुकले नाही, पण सांगता येईना. शेवटी त्याला माझ्या मावशीची आणि भाताची गोष्ट सांगितली. मग माळीकाकांची, पाऊस आला की ते म्हणतात थांबायला हवं, बायको डॉक्टरकडे असली की म्हणतात थांबावं लागेल. त्याने वहीच्या मागच्या बाजूने स्वतःचं पान सुरू केलं, वर देवनागरीत लिहिलं ‘थांबणे’.

काल दुपारी माळीकाका स्टोअरची किल्ली मागायला आले, किल्ली वर होती. मी फोनवर होते. तो मुलगा त्यांच्यासमोर गेला, एक क्षण आठवल्यासारखं केलं, आणि म्हणाला, ‘काका, थोडं थांबावं लागेल हां.’

काकांनी ‘थांबतो रे’ म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.